चार बोटं खोल

१

सकाळी उठल्यावर मी आधी चार पेट्या उघडायची. पहिलीत माझा चष्मा, दुसरीत चहाची पूड, तिसरीत घराच्या किल्ल्या आणि चौथीत आईच्या वस्तू. बाकीच्या सदतीस दिवसभरात लागतील तशा उघडायच्या. सांगायचं आहे ते त्या चौथीबद्दल.

जुन्या नक्षीदार पेट्या लोक काचेच्या कपाटात मांडतात आणि पाहुण्यांना लांबून दाखवतात. मला ते कधी पटलं नाही. पेटी काहीतरी ठेवायला केलेली असते. नुसती ठेवून दिली की तिचं लाकूड सुकतं आणि बिजागरी रुसून बसते. म्हणून माझ्याकडे हातमोज्यांच्या लांबट पेटीत विजेची बिलं आहेत, शिंपल्यांचं काम केलेल्या पेटीत मोबाइलचे चार्जर आहेत आणि कुण्या हौशी माणसाच्या सिगारच्या पेटीत लवंगा. तुझ्याकडे मीठ शोधायलाही नकाशा लागतो, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तो दूर राहतो आणि दर रविवारी फोन करतो.

मी दातांच्या कवळ्या करते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढते, त्यावर मेण चढवते, दात बसवते. तीस वर्षं झाली. या कामात एकच गोष्ट बघायची असते, ती म्हणजे बसतं की नाही. केसाएवढी फट राहिली तरी म्हातारा माणूस जेवताना रडकुंडीला येतो. घरी आल्यावर पेट्यांच्या बाबतीतही मी तेच बघते.

ही पेटी घेतली तेव्हा तिचं झाकण बसत नव्हतं. काळपट लाकूड, झाकणावर हाडाच्या तुकड्यांची वेलबुट्टी, आत विटक्या जांभळ्या रंगाची मखमल. लांबी हातभर, खोली चार बोटं. मी बोटं उभी घालूनच मोजली होती. दुकानदार म्हणाला, कितीही दाबा, झाकण थोडं उघडंच राहतं. मी दोन संध्याकाळी बसून बिजागरी घासली आणि तिसऱ्या दिवशी झाकण असं बसलं की फटीत कागद जाईना.

आईच्या वस्तू तेव्हा रोज हरवायच्या. ती एक्क्याऐंशी वर्षांची. बावीस वर्षं मुख्याध्यापिका होती. तिच्या पावलांचा आवाज आला की वर्ग चिडीचूप व्हायचा. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याकडे आली तेव्हा निम्मी विसरलेली होती, आता बहुतेक सगळीच. तिचा चष्मा, कंगवा, गोळ्यांच्या पट्ट्या, नेलकटर, सगळं मी त्या पेटीत ठेवलं आणि पेटी तिच्या खोलीतल्या तिवईवर. नऊ ते सहा तिला सांभाळायला मावशी यायच्या. सहा ते नऊ मी. म्हणजे संध्याकाळी सहा ते सकाळी नऊ.

२

आधी लक्षात आलं ते मावशींच्या.

एका संध्याकाळी चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, की आजींचा चष्मा तुम्ही उन्हात ठेवता का. मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, मग गरम कसा लागतो. मी ते विसरून गेले. त्या दिवसांत मला कुणी काहीही सांगितलं तरी दारापर्यंत जाईस्तोवर मी विसरत असे.

दोन दिवसांनी सकाळी मी आईचा कंगवा काढला आणि तो कोमट होता. तापलेला नव्हता. कुणीतरी बराच वेळ मुठीत धरून नुकताच सोडावा, तसा. नेलकटर काढलं. तेही तसंच. लोखंड सकाळी गार असतं, हे सांगायला शहाण्याची गरज नाही.

मी माझ्या परीनं शोध घेतला. खोलीची खिडकी मागच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते, तिथे ऊन येत नाही. तिवईमागच्या भिंतीतून गरम पाण्याचा नळ जात असेल म्हणून मी पेटी कपाटावर ठेवली. मग बाहेरच्या खोलीत. मग एक दिवस फ्रिजशेजारच्या ओट्यावर, जिथे दगड गार असतो. बाहेरून पेटी गारच लागायची. आत हात घातला की कोमट. लाकूड जाड आहे, मखमल आहे, ऊब धरून ठेवत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. कुठून आलेली ऊब, हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही. विचारायला बसावं लागतं, आणि बसलं की डोळा लागायचा.

३

आईचे हात कायम गार असायचे. मी चोळायची, मोजे घालायची, गरम पाण्याची पिशवी द्यायची. ती सगळं भिरकावून द्यायची. दुपारी चार वाजले की तिला घरी जायचं असायचं. हेच घर आहे म्हटलं की ती मला हिशेबातच धरायची नाही. सुट्टीच्या दिवशी मी तिच्याबरोबर घरातल्या घरात शंभर फेऱ्या मारायची, तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर. वर्षभरात आधाराशिवाय ती एक पाऊल चालली नव्हती.

तिनं पेटीत हात घातला तो मी चष्मा शोधत असताना. पेटी तिच्या मांडीवर होती. तिनं उजवा हात मनगटापर्यंत आत घातला आणि थांबली. तिचा चेहरा सैल पडला. मी कितीतरी दिवसांत तिला अशी पाहिली नव्हती. अर्ध्या तासानं ती बसल्या बसल्या झोपली आणि मीही तिच्या पलंगाच्या कडेला पाठ टेकली.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. चार वाजायच्या आत पेटी मांडीवर द्यायची. तिच्या वस्तू मी दुसऱ्या डब्यात हलवल्या. फेऱ्या बंद झाल्या, रडणं बंद झालं. ती दूध प्यायला लागली. भावाला मी फोनवर सांगितलं, की आईला बरं वाटतंय. कशानं, ते सांगितलं नाही. काय सांगणार होते?

मावशींना मात्र ते रुचलं नाही. त्या पेटी हातात घ्यायच्या त्याही पदराच्या टोकात धरून. एकदा त्या निघता निघता थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, आजी तिच्याशी बोलतात."

कुणाशी, असं मी विचारलं.

"ते मला काय माहीत. हात आत असतो आणि विचारतात, 'चिमे, दमलीस का गं?' मग थांबतात. उत्तर ऐकल्यासारख्या."

मी म्हटलं, या आजारात माणसं भिंतीशीही बोलतात. मावशींनी मान हलवली आणि गेल्या. मी दार लावून तिथेच उभी राहिले. चिमी मला म्हणायचे. फक्त आई म्हणायची, आणि तीही मी शाळेत जायला लागल्यावर म्हणेनाशी झाली. मी दमले का, हे तिनं मला उभ्या जन्मात विचारलं नव्हतं.

४

आमच्या लॅबमध्ये गुलाबी मेणाच्या पट्ट्या असतात. हाताच्या उबेनं त्या नरम पडतात. पेटी खरंच गरम असते की दमलेल्या बाईचे भास, याचा एकदा निकाल लावावा म्हणून मी एक पट्टी घरी आणली. रजेच्या दिवशी आई दुपारचं जेवत असताना मी ती पेटीच्या तळाशी मखमलीवर सपाट ठेवली, झाकण लावलं आणि पेटी स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले. मुद्दाम मांडीवर, म्हणजे मधे कुणी उघडली असेल, अशी शंका नको. मावशी आईला भरवत होत्या. घरात चमच्याचा आवाज होता, आणि मागच्या इमारतीच्या पंपाचा.

वीस मिनिटांनी झाकण उघडलं. पट्टीवर चार उंचवटे आले होते.

मेण गरम झालं तर खाली बसतं, पसरतं. वर येत नाही. मी पट्टी उचलून उलटी केली. खालच्या बाजूला चार बोटांचे ठसे होते, दुसऱ्या पेरापर्यंत, बोटांवरच्या रेषांसकट. खालून हात वर टेकवल्यासारखे. मखमल जशीच्या तशी होती. मी ती दाबून पाहिली. तिच्याखाली लाकूड होतं, आणि लाकडाखाली माझी मांडी.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मी त्या ठशांत प्लास्टर ओतलं. हाताला दुसरं काही सुचत नव्हतं. साचा निघाला तेव्हा लॅबचे मालक, आमचे सर, शेजारून जात होते. त्यांनी तो उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हे कुणा लहान मुलाचं? पण करंगळी तर अगदी तुझ्यासारखी आहे."

माझी उजवी करंगळी शेवटच्या पेरात बाहेर वळलेली आहे. मी पाच वर्षांची असताना ती दारात सापडली. बाबा फिरतीवर असायचे. आई शाळेत जाताना मला घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायची. तेव्हा दुसरा उपाय नव्हता, असं ती पुढे एकदा म्हणाली. त्या दिवशी तिला उशीर झाला होता. तिनं दार ओढलं आणि मी तिच्यामागे हात घातला. ती संध्याकाळी परत आली. दुपारभर मी दाराशी बसून होते, एवढंच आठवतं. आईनं डॉक्टरकडे नेलं, पट्टी बांधली, पण त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही. मीही नाही.

सरांच्या हातून मी साचा घेतला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. मग परत काढून फोडला आणि पुन्हा टाकला.

५

तरीही मी पेटी घरातून काढली नाही. आई झोपत होती. मी झोपत होते.

एका सोमवारी लॅबमध्ये काम नव्हतं म्हणून मी तीनलाच घरी आले. मावशी मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होत्या; चिमट्यांची टकटक ऐकू येत होती. मधल्या बोळात मी चप्पल काढली. आईच्या खोलीतून मखमलीवर बोट फिरवल्यासारखा आवाज येत होता, एकदा इकडे, एकदा तिकडे. आणि आईचा आवाज. घरातला नव्हे, शाळेतला. खणखणीत, पण मऊ केलेला.

"सावकाश. हात सोडू नकोस हं."

दार अर्धं उघडं होतं. आई खुर्चीत पुढे वाकून बसली होती. पेटी मांडीवर, झाकण उघडं. तिचा उजवा हात आत होता. कोपरापर्यंत.

मी आधी कोपराकडे पाहिलं, मग पेटीखाली. पेटीखाली गाऊनच्या चुण्या होत्या, तिचे गुडघे होते, पाय होते. चार बोटं खोल पेटी. मी तीस वर्षं मापं बघत आलेली बाई आहे. काय कशात बसतं आणि काय बसत नाही, ते मला कळतं.

मी तिचा दंड धरून ओढला. हात अडकलेला नव्हता. धरलेला होता. कुणाच्या मुठीतून सोडवून घ्यावा तसा तो आला, आधी थोडा, मग एकदम. कोपरापासून खाली कोमट, गुलाबी झाला होता. मनगटाभोवती बारक्या बोटांचे पांढरे वळ होते आणि माझ्यादेखत ते पुसट होत गेले.

आईनं मान वर केली. ती रागावलेली नव्हती. परक्या माणसाशी बोलतात तसं ती नीट, समजावून बोलली.

"बाई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पण तिला एकटीला भीती वाटते."

झाकण लावून मी पेटी पिशवीत घातली, तशीच लॅबमध्ये परत गेले आणि माझ्या कपाटात बंद केली.

६

त्यानंतरचे चार दिवस नीट आठवत नाहीत. आईनं जेवण सोडलं. दुधाचा पेला तिनं दोनदा माझ्या अंगावर फेकला. तिचे हात असे गार पडले की नखं निळी दिसायला लागली. दारापाशी नेऊन बसवलं तरच ती गप्प बसायची. आणि बसली की तळहात दारावर आपटत राहायची. चिमे, चिमे. मी तिच्यासमोर बसून म्हणायची, अगं मीच चिमी. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा दाराकडे वळायची.

भावाचा फोन आला. तो म्हणाला, ताई, आता आपण तिला एखाद्या संस्थेत ठेवू या, तू मरशील अशानं. तो चुकीचं बोलत नव्हता. मी हो म्हटलं की नाही, तेही मला आठवत नाही. त्या दिवशी लॅबमध्ये मी एका कवळीला वरचे दात खाली बसवले. सरांनी ती उचलून बाजूला ठेवली.

शुक्रवारी संध्याकाळी मी पेटी घरी आणली. भीती गेली होती असं नाही. भीतीपेक्षा झोप मोठी झाली होती.

रविवारी मावशींची सुट्टी असते. दुपारी दोनला मी आईला तिच्या खुर्चीत बसवलं, पायांवर शाल घातली, पेटी मांडीवर दिली. तिनं हात आत घातला आणि डोळे मिटले. मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर आडवी झाले. दहा मिनिटं, असं ठरवून.

जाग आली ती पावलांनी. डोळे पुरते उघडत नव्हते. बोळातून आईच्या सपाता घासत चालल्या होत्या, त्या मला ओळखू आल्या. त्यांच्या बाजूला दुसरी पावलं होती. अनवाणी, हलकी, घाईची. आईच्या एका पावलाला दोन.

सोफ्यावरून बोळाची एक उभी पट्टी दिसते, दार आणि चौकट यांच्यामधली. त्या पट्टीतून आई गेली. ताठ. शाल खांद्यावर. उजवीकडे थोडी झुकलेली आणि उजवा हात खाली सोडलेला, लहान मुलाचं बोट धरावं इतका खाली. त्या हाताच्या पुढचं दाराआड होतं. मान एवढीशी वळवली असती तर दिसलं असतं.

मी वळवली नाही. मला जे वाटलं ते लिहायला लाज वाटते. मला वाटलं, बरं झालं, तिच्याजवळ कुणीतरी आहे. पाच मिनिटं. आणि मी परत झोपले.

उठले तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं. घर शांत होतं, पंपसुद्धा बंद. आई खुर्चीतच होती, शाल पायांवर, जशी मी घातली होती तशी. पेटी मांडीवर. हात मनगटापर्यंत आत. ती गेली होती.

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले. झोपेतच, काही त्रास न होता, असं ते म्हणाले. हात बाहेर काढायला त्यांना जरा वेळ लागला. बोटं कशाभोवती तरी मिटावी तशी मिटलेली होती आणि सरळ होईनात. सगळं अंग गार झालं होतं, फक्त तेवढा तळहात ऊबदार होता. डॉक्टरांनी तो दोनदा चाचपला.

"पेटीत होता ना," ते म्हणाले, "म्हणून असेल."

मी म्हटलं, हो, म्हणूनच.

७

पंधरा दिवसांनी मावशी आल्या. त्यांची छत्री आणि एक पातेलं माझ्याकडे राहिलं होतं. भाऊ येऊन गेला होता. आईचे कपडे, पलंग, औषधं, सगळं मार्गी लागलं होतं. मावशी बाहेरच्या खोलीत बसल्या, पाणी प्यायल्या. आईच्या खोलीकडे त्यांनी पाहिलं, पण तिकडे गेल्या नाहीत. पेटीचं काय केलंत, असं त्यांनी विचारलं. आहे आत, मी सांगितलं, आता गार असते.

मग मीच विचारलं, की आई तिच्याशी आणखी काय बोलायची.

मावशींनी पेला तिवईवर ठेवला, परत उचलला. नको ते विचारू नका, असं आधी म्हणाल्या. मी पुन्हा विचारलं. शेवटी त्यांनी सांगितलं, पेल्याकडे बघत.

"शनिवारी मी निघताना त्यांच्या खोलीत गेले होते. हात आत होता. खुशीत होत्या. म्हणाल्या, 'थोडं थांब, चिमे. ती बाहेरची बाई झोपली की जाऊ.'"

शनिवारी संध्याकाळी मावशी निघाल्या तेव्हा मी याच दारात उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं होतं, तोंड उघडलं होतं आणि मग, येते ताई, एवढंच म्हणाल्या होत्या.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगणार होते," मावशी म्हणाल्या. "तुमचा चेहरा बघितला. म्हटलं, सोमवारी सांगू. उद्याचा एक दिवस झोपू दे यांना."